दाराचं काम

गोष्ट चिमणी-कावळ्याचीच होती. पाऊस पडून कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेल्यानंतरची. तिसरीचा वर्ग, बाकं भिंतीला सारून मधे मोकळी जागा केलेली. एका बाजूला चिमणी आणि तिचं बाळ, दुसऱ्या बाजूला कावळा, आणि उरलेला सगळा वर्ग म्हणजे पाऊस. पाऊस व्हायला मुलांना फार आवडतं. आधी एका बोटाने तळहातावर टकटक, मग दोन बोटं, मग चार, मग मांड्यांवर थापा. मुसळधार कोसळायला मिनिटभरही लागत नाही. कामं वाटून झाली आणि एक मुलगी राहिली. तिचा आवाज मी वर्षभरात हजेरीपुरताच ऐकला होता. तू काय होणार, विचारलं तर खाली बघत म्हणाली, "दार."

दार होणं म्हणजे दोन्ही हात पुढे करून, तळवे जोडून चिमणी आणि कावळ्याच्या मधे उभं राहणं. कावळ्याने तिच्या तळहातांच्या पाठीवर ठोठावायचं. "चिऊताई, चिऊताई, दार उघड." "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते." पुन्हा ठकठक. "थांब, माझ्या बाळाला अंगडं घालते." पाऊस वाढत चाललेला, कावळा काकडण्याचा अभिनय जरा जास्तच मन लावून करणारा. तिसऱ्यांदा त्याने ठोठावलं. चिमणी "थांब, माझ्या बाळाला तीट..." एवढं म्हणते तोवर दार उघडलं. चिमणी चिडलीच. "ए, तुला अजून उघडायचं नाहीये! माझं कुठे झालंय?" दाराने हात खाली घेतले नाहीत, मिटलेही नाहीत. म्हणाली, "भिजतोय ना तो."

पाऊस आपोआप थांबला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळ्यात पंचाईत कावळ्याची झाली, कारण त्याने ठोठावण्याची तयारी केली होती, आत जायची नाही. तो दोन पावलं आत आला आणि पाहुण्यासारखा अवघडून उभा राहिला. शेवटी चिमणीच फणकाऱ्याने म्हणाली, "आता आलाच आहेस तर पाय पुसून ये." वर्ग हसला, तास संपला, बाकं जागेवर गेली.

मला मात्र ते दार सुटेना. लहानपणापासून ही गोष्ट ऐकली, नंतर स्वतः किती वर्गांना सांगितली. त्यात चिमणी आहे, कावळा आहे, बाळ आहे. दार नुसतं उघडायचं किंवा बंद राहायचं. त्या मुलीला मी फळ्यापाशी उभं करून विचारलं असतं, की चिमणीने दार लवकर का उघडलं नाही, तर ती गप्प राहिली असती आणि पहिल्या बाकावरून उत्तर आलं असतं, "कारण ती बाळाचं करत होती." बरोबर उत्तर. पण इथे तिचे हात भरून आले होते, कुणीतरी त्यांच्यावर खरोखर ठोठावत होतं, एका कानाशी पाऊस होता आणि दुसऱ्या कानाशी चिमणीचं "थांब". तिला जे सुचलं ते त्या जागी उभं राहिल्यामुळे सुचलं. गोष्ट मुलाला शहाणपण देते असं आपण म्हणत आलोय. मला आता वाटतं, ती आधी उभं राहायला जागा देते. पुढचं ज्याचं त्याने बघायचं असतं, आणि मोठ्यांनी तिथे घाई करायची नसते.

माझी आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा शेवट दर वेळी निराळा असे. कधी कावळ्याला आत घेऊन चिमणी म्हणायची, जा, तव्यावर बसून शेक; आणि तो पोळून उडून जायचा. कधी तो कोपऱ्यात गुपचूप झोपून जायचा. कधी शेवटच नसे, कारण "थांब, माझ्या बाळाला झोपवते"पाशी आजीलाच डुलकी लागलेली असे, आणि कावळा सकाळपर्यंत बाहेर. पण चिमणी-कावळ्याची ती सवाल-जबाबाची ओळ कधी म्हणजे कधी बदलत नसे. त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर आम्हीच तिला अडवायचो. तोंडी गोष्टीची घडण अशीच असते: पालुपद घट्ट, बाकी सगळं सैल. सांगणाऱ्याला आठवायला पालुपद, ऐकणाऱ्याला सामील व्हायला पालुपद, आणि मधली सैल जागा त्या दिवशीच्या मनःस्थितीसाठी, समोर बसलेल्यांसाठी. छापली गेली की गोष्टीचा एकच शेवट उरतो. आणि शाळेत आली की त्या शेवटाखाली आणखी एक ओळ येते: तात्पर्य.

या ओळीवर माझा जुना राग आहे. गोष्ट संपल्या संपल्या "तर मुलांनो, आपण यातून काय शिकलो?" असं विचारलं की कुठल्याही वर्गातून, कुठल्याही गोष्टीवर एकच उत्तर सुरात येतं: "खोटं बोलू नये." गोष्ट कोणती होती याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. हे उत्तर मी 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक'वरही ऐकलंय. आता त्या म्हातारीने काय केलं? लेकीकडे जाते, लठ्ठमुठ्ठ होऊन येते, मग मला खा, असं वाघाला आणि कोल्ह्याला सांगून वेळ मारून नेली आणि येताना भोपळ्यात बसून त्यांच्या नाकासमोरून सटकली. ठार थापा! त्या थापांवर तर म्हातारी जगली, आणि ऐकणाऱ्या प्रत्येक पोराला मनातून तोच आनंद होत असतो, की अंगात बळ नसलेल्या म्हातारीने वाघाला बनवलं. तो आनंद गोष्टीत आहे. त्याच्यावर 'खोटं बोलू नये'चा शिक्का मारायचा म्हणजे मुलांना एवढंच शिकवायचं, की तुम्हाला जे वाटलं ते सांगू नका, बाईंना हवं ते सांगा.

ही म्हातारी एकट्या मराठीची नाही. बंगालीत ती लाऊच्या, म्हणजे दुधीच्या वाळल्या पोकळ फळात बसते, इराणात फारसी मुलांच्या गोष्टीत घरंगळणाऱ्या भोपळ्यातूनच लेकीकडून परतते. लोककथांचा जगभर वापरला जाणारा जो प्रकारकोश आहे, आर्ने, थॉम्प्सन आणि उथर या तिघांच्या नावाचा, त्यात 'मी लठ्ठ होईपर्यंत थांब' या युक्तीला 122 एफ असा स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. इतक्या भाषांतल्या इतक्या आज्यांनी ही थाप जपून ठेवली, तर तिच्यात काहीतरी राखण्यासारखं असणार.

शिवाय भोपळ्यात व्याकरण आहे. गंमत नाही करत. "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा." भविष्यकाळाची प्रथमपुरुषी एकवचनी रूपं, तीन ओळीने, वर तालात. ज्यांच्या घरी निराळी भाषा बोलली जाते अशी मुलंसुद्धा दुसऱ्या फेरीला म्हातारीबरोबर म्हणायला लागतात. वाचता न येणारं मूलही इथे मागे पडत नाही, कारण पुढची ओळ काय येणार हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. एकदा एक मुलगा वाघासमोर उभा राहून "लेकीकडे जाईल" म्हणाला. तीन-चार जण एकदम ओरडले, "जाईन! म्हातारी स्वतः बोलतेय ना!" प्रथमपुरुष याहून चांगला मला समजावता आला नसता. मग आम्ही वाघाकडून सांगून बघितलं: "म्हणाली, लेकीकडे जाईल, तूपरोटी खाईल, जाडजूड होईल..." आणि वाघाचं काम करणारा मुलगा स्वतःच हिरमुसला. म्हणाला, "बाई, मला आत्ताच कळलं, ती येणार नाही."

नाटकाचा तास म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर संमेलन येतं. तो सगळा प्रकार मी केलाय आणि त्याचं मला काडीचंही प्रेम नाही. पुठ्ठ्याचा सिंहाचा मुखवटा, आत कोंडलेला स्वतःचाच गरम श्वास, कानामागे रुतणारं इलॅस्टिक, डोळ्यांची भोकं नेमकी कपाळावर आलेली, आणि माइकपाशी जाऊन बोल म्हणून विंगेतून खुणा करणारे आम्ही. त्यात सिंह झालेल्या मुलाला सिंहाबद्दल काही कळायचा संबंधच येत नाही; तो चार वाक्यं सुखरूप पलीकडे नेण्यात गुंतलेला असतो. वर्गातलं नाटक बघायला कुणी नसतं. सगळेच आत असतात. मुखवटा नाही, पाठांतर नाही, चुकलं तर परत.

इंग्लंडमध्ये डोरोथी हीथकोट नावाच्या बाई होत्या (1926-2011). चौदाव्या वर्षी शाळा सोडून गिरणीत मागावर काम करायला लागलेल्या, आणि पुढे न्यूकॅसलच्या विद्यापीठात शिक्षकांना नाटक शिकवणाऱ्या. मुलांकडून नाटक बसवून घ्यायचं सोडून त्या स्वतःच गोष्टीत शिरायच्या, आणि बऱ्याचदा मदत मागणाऱ्याच्या जागेवरून. शिक्षकच अडलेला, मुलं जाणकार. ही युक्ती करून बघितल्याशिवाय तिची ताकद कळत नाही. मी खांद्यावर ओढणी टाकते आणि म्हणते, "मी वाघाच्या गुहेतून आलेय. महाराज दोन दिवस जेवले नाहीत, म्हातारीची वाट बघतायत. मी त्यांना काय सांगू?" ओढणी काढली की मी परत बाई. दुसरीतल्या मुलांनाही क्षणभर शंका नसते की ह्या बाईच आहेत. आणि तरी ते वाघाच्या चाकराशी बोलतात, बाईंशी कधी बोलणार नाहीत असं बोलतात. एकाने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "तुम्ही नोकरी सोडा."

आता जे खुपतं ते. आपल्या गोष्टी काही सगळ्या गोड नाहीत. सावत्र आई दुष्टच, आवडती-नावडती, कोल्हा लबाड, कावळा काळा आणि म्हणून घर शेणाचं. चिमणी-कावळ्याची गोष्ट निघाली की चिमणी व्हायला हातांचं रान उठतं आणि कावळ्याच्या वेळी वर्ग आपापसांत बघायला लागतो. कुणाकडे बघतो, तेही मी पाहिलंय. रंगाने सावळा मुलगा असेल त्याच्याकडे बोटं जातात, तो हसतो, उठतो आणि कावळा होतो. त्याचं हसू फार लवकर येतं, सवयीचं असतं. ही गोष्ट सांगूच नये का? काही दिवस मी सांगितली नाही. पण मी थांबले म्हणून मधल्या सुट्टीतली बोटं थोडीच थांबणार होती. शिकागोतल्या व्हिव्हियन पेली या बालवाडीच्या शिक्षिका मुलं सांगतील ती गोष्ट उतरवून घेत आणि वर्गाकडून ती करून घेत. त्यांनी पुढे वर्गात एक नियम आणला, 'तू खेळायचं नाहीस' असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. मी त्या नियमाचं माझं रूप केलंय: काम मागायचं नाही, द्यायचं नाही. गोल करून बसायचं, गोष्टीत जे येईल ते ज्याचा नंबर येईल त्याने व्हायचं. मुलगी असो की मुलगा, चिमणी तर चिमणी, मेण तर मेण. पहिल्यांदा कुरकुर फार होते. आणि वर्गातली सगळ्यांत गोरी, सगळ्यांत लाडकी मुलगी बंद दाराबाहेर उभी राहून ठोठावते तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होतो. पण नंबर लावून सगळं सुटतं असंही नाही. नंबर मी लावलाय हे त्यांना कळतं.

मेणावरून आठवलं. शेणाचं घर पावसात विरघळतं, मेणाचं टिकतं, इथवर गोष्ट बरोबर. चौथीत एकाने विचारलं, "पण बाई, उन्हाळ्यात?" मेणबत्तीचा एक तुकडा आम्ही खिडकीत उन्हात ठेवला आणि एक मातीचं ढेकूळ. दुपारपर्यंत मेणबत्ती वितळली नाही, पण मऊ पडून कलली. ढेकूळ जसंच्या तसं, फक्त तापलेलं. मधमाशीचं मेण वितळायला 62 ते 64 अंश सेल्सिअस लागतात, उन्हात तेवढं तापत नाही, पण घर पडायला वितळायची गरज नसते, मऊ झालं तरी पुरे. हे पुस्तकात शोधायला मुलं स्वतः गेली. मग चिमणी कावळ्याकडे गेली. त्याच्या दारात उभी राहून तिने हाक मारली, आणि आतून कावळा काय म्हणेल यावर वर्गात भांडण झालं. निम्म्यांचं म्हणणं, तोही "थांब, माझ्या बाळाला..." म्हणेल. निम्मे म्हणाले, त्याला कुठे बाळ आहे? नसलं तर तो काय कारण सांगेल? अर्धा तास नुसती कारणं. काही इतकी खरी, मोठ्या माणसांची, की ती कुठून ऐकली असतील हे मी विचारलं नाही.

हे सगळं रोज जमतं असं कुणी समजू नये. शेजारच्या वर्गातून निरोप येतो, आवाज कमी करा. पोर्शन कुठवर आला, ही विचारणा असतेच, आणि ती चुकीची नाही. पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला भोपळा चालत नाही. गुजराती शिक्षक गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातल्या मास्तरांचंही हेच. पहिल्या दिवशी त्यांचा शांततेचा खेळ पोरांनी उधळून लावला, दुसऱ्या दिवशी त्यांनी गोष्ट सुरू केली आणि वर्ग गप्प बसला. पण लगेच भोवतालच्यांचा प्रश्न आला, की गोष्टीच सांगणार की काही शिकवणारही? तो प्रश्न अजून स्टाफरूममध्ये जिवंत आहे. आणि कधी कधी खेळ खरंच फसतो. वाघ तीन होतात, म्हातारीला धक्का लागतो, कुणीतरी रडतं, आणि मी गुमान वह्या काढायला सांगते.

मोठ्या वर्गांत वेगळी अडचण. सातवीतल्या मुलाला चिमणी व्हायची लाज वाटते. त्यांच्यासाठी मी पंचतंत्र घेते. ते निव्वळ लोककथेचं नव्हे, रचून लिहिलेलं. पण त्याची चौकटच मुळी वर्गाची आहे. अमरशक्ती राजाची तीन मठ्ठ पोरं आणि सहा महिन्यांत त्यांना शहाणं करतो म्हणणारा विष्णुशर्मा. यात तात्पर्य ठिकठिकाणी आहेत, श्लोकांतून, पण बोलतं कोण बघा. पहिल्या तंत्रातला दमनक कोल्हा एकाहून एक सरस सुभाषितं म्हणतो आणि ती म्हणत म्हणतच पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्या मैत्रीत विष कालवतो. सिंह बैलाला मारतो, नंतर हळहळतो, आणि दमनक? तो मंत्री होतो. तंत्र संपलं. शिक्षा नाही, पश्चात्ताप नाही. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने हे अरबीत आणलं, 'कलिला व दिमना', तेव्हा पुढे एक अख्खं प्रकरण येऊन बसलं: दमनकावर, म्हणजे दिमनावर खटला. साक्षीपुरावे होतात, शिक्षा होते, तो तुरुंगात मरतो. मला ते प्रकरण एखाद्या मास्तराने लिहिल्यासारखं वाटतं. विष्णुशर्म्याने ती तीन पोरं तशीच अस्वस्थ सोडली होती.

सातवीला मी फक्त पहिला शेवट सांगितला. सांगून गप्प बसले. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे सुटला?" "सुटला." "असं कसं?" मग खटला त्यांनीच उभा केला, अरबी पुस्तकातल्या खटल्याचा पत्ता नसताना. फळ्यासमोरची खुर्ची म्हणजे आरोपीचा पिंजरा. दमनक झालेली मुलगी वर्गातली सर्वांत सरळमार्गी, नंबराने आलेली, आणि इतकी बेमालूम खोटं बोलली की वर्गाला दरदरून घाम फुटला. "मी सिंहाला फक्त काळजी सांगितली. मारलं कुणी? मी?" सरकारी वकील अडखळला. बैलाच्या बाजूने साक्षीदार कोण आणायचा, बैल तर मेलाय. करटक, म्हणजे दमनकाचा जोडीदार कोल्हा, साक्षीला आला आणि म्हणाला, मी त्याला आधीच सांगितलं होतं, असं करू नकोस. त्यावर दमनकाच्या वकिलाने विचारलं, मग राजाला का नाही सांगितलंस? करटक बसला तो उठलाच नाही. न्यायाधीश तीन होते, दोघांचं मत एक, तिसरीचं वेगळं, आणि ती हटायला तयार नव्हती. तिचं म्हणणं, एकट्या दमनकाला शिक्षा देऊन चालणार नाही, कारण पंजा दुसऱ्याचा होता.

मधली सुट्टी झाली तरी भांडण पायऱ्यांपर्यंत चाललं होतं. मी त्यांना अरबी शेवट अजून सांगितलेला नाही, सांगावा की नाही तेही ठरत नाही. सोमवारी पुढची सुनावणी आहे. दमनकाच्या वकिलाने अर्ज दिलाय, वहीच्या पानावर, मार्जिन आखून: सिंहाला साक्षीसाठी बोलवावं.